घोडे गंगेत न्हाण्याआधी



एखादे रखडलेले काम पुरे झाले की आपण म्हणतो, 'गंगेत घोडं न्हालं!' घोडे न्हाले याचा आनंद सगळ्यांनाच होतो. पण त्याच घोड्याने पाण्याला पहिल्यांदा टाप लावली, बिचकले तरी मागे फिरले नाही, त्या दिवशी त्याची पाठ कोणी थोपटली होती का, ते काही म्हण सांगत नाही. आजचे चार शब्द त्या मधल्या दिवसांविषयी आहेत.

आपल्या डहाणू-तलासरीकडे गोठ्यात बैल, म्हैस, शेळी असते. तट्टू एखाद्याच घरी. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुट्टीत पोराबाळांना फेरी मारून आणणे, लग्नाच्या वरातीत नवरदेवाला मिरवणे, एवढीच त्याची कामे उरली. साऱ्या देशातच ही जनावरे घटत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती; २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. जनावर घटले की त्याची माहिती असलेली माणसेही घटतात. खोंडाला जुवाची सवय कशी लावावी हे गावात दहा जण सांगतील, पण शिंगराला शिकवायचे कसे, हे विचारायला कोणाकडे जावे? म्हणून ज्याच्या दावणीला शिंगरू आहे, त्याने आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे.

तलासरीकडच्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. घरी एक घोडी, वय झालेले. तिच्या फेऱ्यांवर आणि घरधन्याच्या चिकूतोडणीच्या मजुरीवर घर चाललेले. घोडीचे शिंगरू दोन वर्षांचे झाले, अंगाने भरले, दिसायला देखणे. दिवाळीची सुट्टी तोंडावर. जो तो म्हणू लागला, "खोगीर चढवा की आता, दोन जनावरांची कमाई होईल." घरात पैशाची निकड होती, त्यामुळे मोह पडणे स्वाभाविकच होते.

येथे शास्त्र काय सांगते ते पाहू. शिंगरू उंचीला लवकर वाढते, पण हाडे पक्की व्हायला वेळ लागतो. पायांची हाडे आधी पक्की होतात आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी. त्याला पाच-साडेपाच वर्षेही लागतात. दुसऱ्या वर्षी पाठीवर ओझे आले की पाठ आणि सांधे दुखावण्याचा धोका असतो. असे जनावर लवकर लंगडू लागू शकते. नीट वाढवलेले तट्टू पुढे पंधरा वर्षे काम देते. तेव्हा दोन वर्षांची घाई म्हणजे दहा वर्षांची कमाई घालवणे. तिसऱ्या वर्षी हलके खोगीर नुसते अंगावर ठेवून सवय लावावी, आणि चौथे सरल्यावर लहान मुलांपासून सुरुवात करावी.

त्या कुटुंबाने थांबायचे ठरवले. पण दोन वर्षे थांबायचे म्हणजे काही घडतच नाही असे वाटते, आणि मन कच्चे होते. यावर उपाय काढला सातवीतल्या मुलीने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज शिंगराविषयी एक ओळ लिहू लागली. 'आज मोरकी घालू दिली.' 'आज पुढचा उजवा पाय दहा आकडे मोजेपर्यंत उचलू दिला.' 'आज मोटारसायकल जवळून गेली, फक्त कान टवकारले.' नवा धडा पक्का झाला की घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने एक लहानसा घोडा काढायचा. वारली घरात लग्नाच्या चौकात घोडा असतोच, तेव्हा हात वळलेला होता. पावसाळ्यापर्यंत कुडावर अकरा घोडे झाले. नालबंद आला तेव्हा दोरीने न जखडता शिंगराने चारही पाय दिले. त्या दिवशी बारावा घोडा थोडा मोठा काढला गेला, आणि घरधनी शेजाऱ्याला मुद्दाम बोलावून तो दाखवत होता.

आता कोणी म्हणेल, ही लेकराची हौस झाली, यात शेतीचा काय फायदा? फायदा पुढे दिसला. भाद्रपदात एका सकाळी मुलीने लिहिले, 'पाणी अर्धेच प्याले. लीद नाही. सारखे कुशीकडे बघते.' रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हा फरक लगेच कळला. हिरव्या ओल्या गवतावर एकदम सोडल्याने पोटशूळ सुरू झाला होता. चारा काढून घेतला, पशुवैद्यकांना तातडीने बोलावले, आणि दुपारपर्यंत शिंगरू सावरले. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात अडकलेले वर येत नाही, म्हणून पोटशुळात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. सांगायचा मुद्दा हाच. जो जनावराची लहान प्रगती टिपतो, त्यालाच त्याची लहान दुखणी वेळेवर दिसतात. कौतुकासाठी बघायची सवय लागली, की तेच डोळे राखणही करतात.

शिकवताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. धडा दहा-पंधरा मिनिटांचाच असावा. रोज थोडे शिकवावे. आठवड्यातून एकदा दोन तास झटापट करू नये.

२. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी. पाय उचलणे जमल्याशिवाय खुराची सफाई नको.

३. कासरा ओढला आणि शिंगराने एक पाऊल जरी पुढे टाकले, तर त्याच क्षणी कासरा सैल सोडावा. ती सैल दोरीच त्याची शाबासकी. मागाहून दिलेल्या शाबासकीचा अर्थ त्याला कळत नाही.

४. जमलेल्या गोष्टीवर थांबावे. 'आणखी एकदा' म्हणत बिघडेपर्यंत ताणू नये.

५. मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तेथे, बोटांनी खाजवावे. घोडे एकमेकांचे लाड तेथेच करतात. हातून गूळ देण्याची सवय लावू नये. पुढे चावण्याची खोड लागते.

६. भ्याले तर मारू नये. त्या वस्तूपासून चार पावले दूर न्यावे, शांत होऊ द्यावे, मग पुन्हा जवळ आणावे.

प्रगती मोजायला एक शिवणाची टेपही पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यावा, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. आलेला आकडा म्हणजे अंदाजे किलोतले वजन. घेर १४० आणि लांबी १२५ असेल तर वजन सुमारे २०६ किलो. हा हिशेब मोठ्या जनावराचा आहे. शिंगराचे वजन यावरून अचूक येत नाही, त्याचा घेर दर महिन्याला किती वाढला एवढेच लिहावे. पाठीवरचे ओझे, खोगिरासकट, वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे. वरच्या घोडीला ४१ किलो झाले. म्हणजे लहान मूल चालेल, धट्टाकट्टा पाहुणा चालणार नाही, मग तो दुप्पट पैसे का देईना! ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांनी तट्टाला ७० किलोची कमाल मर्यादा घातली आहे. पण आपले तट्टू लहान असेल तर आपली मर्यादा त्याच्या अंगावरूनच ठरवावी.

खाण्यात सुका चारा मुख्य. २०० किलोच्या तट्टाला दिवसाला ३ ते ४ किलो चांगले वाळलेले गवत लागते, तेही दोन-तीन वेळांत विभागून. बुरशी धरलेला पेंढा कधीही घालू नये. पावसाळ्यात हिरव्यावर आठ-दहा दिवसांत हळूहळू आणावे. पाणी सदैव समोर असावे. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळून घ्यावेत आणि धनुर्वाताची लस चुकवू नये. दसऱ्याला घोड्याची पूजा करावी, झेंडूचा हार घालावा, पण पुरणपोळी आणि भाताचा नैवेद्य आपणच खावा. एका दिवसाच्या लाडाने पोटशूळ ओढवतो. पोटशूळ वाटला तर तोंडाने तेल पाजू नये, ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे.

लहान पावलांची ही शिकवण आपल्या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिले कुरणशाळा. शिकणारा जेथे उभा आहे तेथून सुरुवात करायची आणि आज त्याला जे आले त्याचे मोल करायचे. मुलाला लागू पडते ते शिंगरालाही पडते, आणि जुवाला लावायच्या खोंडालाही.

त्या घरचे शिंगरू आता चौथ्या वर्षात आहे. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ते आईच्या मागे मोकळ्या पाठीने चालते. लाट पायाशी आली तरी थांबून वास घेते आणि पुढे जाते. त्याच्या पाठीवरून अजून एकही रुपया मिळालेला नाही. तरीही घरधनी विचारणाऱ्याला म्हणतो, "घाई नाही, शिकतंय."

तुमच्या गोठ्यात शिंगरू असो, वासरू असो की करडू, आज संध्याकाळी कॅलेंडर खाली उतरवा आणि मुलांच्या हाती पेन्सिल द्या. रोज एकच ओळ लिहायला सांगा. महिनाअखेर सगळ्यांनी मिळून ती वाचा. ज्या जनावराला आपण 'काही शिकत नाही' म्हणत होतो, ते किती पुढे आले हे तुमचे तुम्हालाच दिसेल.