खुनी डॉक्टर

गुलमंडीतलं घर सोडून सिडकोतल्या दोन खोल्यांत जायचं ठरलं, तेव्हा मुलानं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या गुडघ्यांचा नाही, ट्रंकेचा. “आई, तिचं काय करायचं?” त्या ट्रंकेत माझ्या रहस्यकथा आहेत. चारशेच्या वर. चाळीस वर्षांत जमवलेल्या, निम्म्या रद्दीच्या दुकानातून उचललेल्या, काही वाचनालयांना परत करायच्या राहून गेलेल्या. (राहून गेलेल्या म्हणजे काय, ते वाचक समजून घेतील.)

एका वाचनालयाला फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “रहस्यकथा नकोत. दर्जेदार काही असलं तर आणा.” मी फोन ठेवला. बाबूराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाणांनी, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड यांच्यापायी महाराष्ट्रातल्या किती पोरांना अक्षरं जुळवून वाचायची गोडी लागली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आमच्या घरात तर अर्नाळकर उशीखाली असायचे आणि शाळेचं पुस्तक वर.

त्यांचा गठ्ठा शेवटी विद्यापीठात लोकप्रिय साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलीनं नेला. तोंडाला रुमाल बांधून आली होती, कारण कसर लागलेल्या कागदाची धूळ नाकात गेली की दोन दिवस शिंका थांबत नाहीत. कथांपेक्षा तिला मागच्या पानावरच्या जाहिराती आणि वाचनालयांचे शिक्केच जास्त आवडले.

टोपीचं मात्र कुणी घेणारं मिळेना. कान झाकणारी, दोन्ही बाजूंना छज्जा असलेली ती शेरलॉक होम्सची टोपी भाच्यानं लंडनच्या बेकर स्ट्रीटवरून आणली होती. गंमत अशी की तिचं ते प्रसिद्ध इंग्रजी नाव कॉनन डॉइलनं कुठंच लिहिलेलं नाही. होम्सच्या डोक्यावर ती ठसवली ती १८९१ साली, स्ट्रँड मासिकासाठी चित्रं काढणाऱ्या सिडनी पॅजेटनं. लोकरीची टोपी, आणि आमच्याकडे मे महिना. हौसेनं एकदा घालून पैठण गेटपर्यंत गेले होते, परत येताना उसाचे दोन ग्लास रस लागले. सध्या ती दुधवाल्याच्या डोक्यावर आहे. पहाटे गाडीवर वारा लागतो म्हणे.

बंगाली गुप्तहेर फेलूदा वेरूळला गेला. तिथं त्याला जायलाच हवं होतं. सत्यजित राय यांची ‘कैलाशे केलेंकारी’ ही १९७३ची कथा. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून यक्षीचं मुंडकं चोरीला जातं आणि तपास करत फेलूदा आपल्या औरंगाबादेत येतो, थेट कैलास लेण्यापर्यंत. अशोक जैनांनी फेलूदा मराठीत आणला तेव्हा मी ते पुस्तक घेऊन सोळा नंबरच्या लेण्यात वाचत बसले होते. त्याआधी एकदा मंगळवारी जाऊन बंद फाटकावरून परत आले होते. फेलूदासारखी चौकशी आधी करायला हवी होती. दूरच्या नात्यातला एक मुलगा वेरूळला गाईड आहे. तो म्हणाला, “मावशी, पूजेच्या सुट्टीत बंगाली लोक येतात आणि फेलूदा फेलूदा करतात. मला वाटायचं कुणी मंत्री असेल.” त्याला पुस्तक दिलं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो हिंदी जासूसी दुनियेला. अलाहाबादहून निघणारी ही पुस्तकं मी कॉलेजात असताना शहागंजच्या फूटपाथवरून घेतलेली. कर्नल विनोद आणि त्याचा अवखळ साथीदार हमीद. शेजारच्या आपा चहाला आल्या होत्या. त्यांनी सहज एक पुस्तक उचललं, चष्मा वर केला, हिंदी सावकाश लावत दोन पानं वाचली आणि एकदम म्हणाल्या, “बाई, ये तो अपने फरीदी साहब हैं! इनका नाम किसने बदल दिया?”

मग उलगडा झाला. लेखक इब्ने सफी, म्हणजे असरार अहमद. १९५२ साली अलाहाबादेत उर्दू जासूसी दुनिया सुरू झाली आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. लिहीत राहिले कराचीतून, १९८०मध्ये जाईपर्यंत. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत येताना विनोद झाला, हमीद हमीदच राहिला. आपांचे वडील निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेले. घरी महिन्याचा अंक आला की आधी ते वाचत, मग भाऊ, आणि आपांच्या हाती येईपर्यंत मुखपृष्ठ गळून पडलेलं असे. म्हणजे एका भिंतीच्या अल्याड-पल्याड आम्ही दोघी एकाच माणसाच्या मागे, वेगवेगळ्या नावांनी. तीस वर्षं भाज्यांच्या वाट्या पोचवल्या, पण हा विषय कधी निघाला नाही. आपा पुस्तकं घेऊन गेल्या. नातवंडांना उर्दू येत नाही, हिंदी येतं. “विनोद तो विनोद सही,” म्हणाल्या.

उरलं एक पुस्तक. मराठी, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर घेतलेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या आधी ते दादानं वाचलं आणि सातव्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं, ‘खुनी डॉक्टर’. त्याचा ख जुन्या वळणाचा, ‘रव’ सारखा दिसणारा, त्यामुळे आरोपी लगेच सापडला. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही आणि पुस्तक कधीच पुढं वाचलं नाही. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तक मात्र टाकवलं नाही.

परवा ते वरच्या मजल्यावरच्या, आठवीतल्या मुलाला दिलं. समासातलं खोडलंही नाही, म्हटलं आजकालच्या पोरांना काय फरक पडतो. काल संध्याकाळी तो जिन्यात भेटला.

“आजी, ते पेन्सिलीनं कोणी लिहिलंय? साफ खोटं आहे. डॉक्टर तर चौथ्या प्रकरणातच मरतो.”

“मग कोण?”

“ते तुम्ही वाचा ना,” म्हणाला आणि धडाधड वर गेला.

दिलेलं पुस्तक परत मागायचं कसं, या विचारात आज सकाळपासून दोनदा जिना चढून उतरले आहे.