आपला पंखा, त्यांच्या विहिरी

2015च्या पॅरिस कराराला ब्रिटिश तेल कंपनी बीपीने जाहीर पाठिंबा दिला. 2020मध्ये तर शब्दच दिला : 2030पर्यंत तेल आणि वायूचं उत्पादन 2019च्या तुलनेत 40 टक्क्यांनी कमी करू. टाळ्या पडल्या. मग युक्रेन युद्धात तेलाचे भाव भडकले, 2022मध्ये सुमारे 28 अब्ज डॉलरचा विक्रमी नफा झाला, आणि फेब्रुवारी 2023मध्ये 40चे 25 झाले. फेब्रुवारी 2025मध्ये तेही गेले. आता उत्पादन वाढवायचंय. टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच डिलीट करायची, हा प्रकार आमच्या धंद्यातही चालतो. पण तिथे फार तर ॲप बंद पडतं.

‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द 2000नंतर जाहिरातींतून घरोघरी पोचवणारी, तुमच्या-माझ्या हिशेबासाठी कॅल्क्युलेटर देणारी कंपनीही हीच बरं का! म्हणजे पंखा बंद केला का, हे आपण तपासायचं. विहिरी किती खोदायच्या, ते शेअरहोल्डर ठरवणार. करारावर सह्या देशांच्या. कंपनीने शब्द फिरवला तर त्यात जाब विचारणारं कुणी नाही. तेव्हा या ऐच्छिक संकल्पांचं कौतुक पुरे. उपशावर मर्यादा कायद्यानेच घालायला हवी. तोवर ‘नेट झिरो’ची जाहिरात दिसली की एवढंच विचारा : यंदा पिंपं किती?