शाल नको, पहिल्या महिन्याचे जेवण द्या

एप्रिल महिना आला की वस्तीवस्तीत जयंतीचे मंच उभे राहतात आणि गुणवंतांचे सत्कार होतात. दहावी-बारावीच्या मुलांबरोबर आता बी.एस्सी.ची, इंजिनिअरिंगची एखादी मुलगी, एखादा मुलगाही त्या मंचावर दिसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बंगळूरला, हैदराबादला किंवा दिल्लीला संशोधनाच्या कामासाठी त्यांची निवड झालेली असते. फ्लेक्स लागतो, शाल-पुष्पगुच्छ होतो, फोटो निघतो. पुढे ते लेकरू एका पिशवीनिशी अनोळखी गावी उतरते तेव्हा त्याच्या खिशात काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. सत्काराचा खर्च थांबवा आणि तोच पैसा त्या लेकराच्या पहिल्या महिन्याच्या जेवणासाठी द्या. हा आरोग्याचा प्रश्न आहे, म्हणूनच या पानावर मांडतो आहोत.

हे काम काय असते, ते आधी समजून घेऊ. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली दोन महिने काम करायची संधी देतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अनेक आयआयटी असेच उपक्रम चालवतात. प्रयोगशाळा आतून पाहायला मिळते, मोठ्या शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र मिळते, पुढे पीएच.डी.चा रस्ता सोपा होतो. ज्यांच्या घरात आजवर कोणी प्रयोगशाळेचे दार ओलांडले नाही, त्यांच्यासाठी हे दोन महिने फार मोलाचे असतात. म्हणून मुलांना पाठवायचेच. मुलगी असली तरी पाठवायचेच.

अडचण पैशाच्या वेळेची आहे. विद्यावेतन ठरलेले असते, पण ते हातात यायला महिना जातो. काही ठिकाणी तर काम संपून अहवाल दिल्यावरच मिळते. खोलीचे डिपॉझिट आणि मेसचे आगाऊ पैसे मात्र पहिल्याच दिवशी भरावे लागतात. मग काट बसते ती पोटाला. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी काहीतरी तळलेले, रात्री मॅगी. सुट्टीत अनेक वसतिगृहांच्या मेस बंद असतात आणि खोलीत शिजवायला परवानगी नसते. दोन आठवड्यांत चक्कर, पित्त, अशक्तपणा सुरू होतो. स्वस्तात मिळेल ते खाताना आणि मिळेल ते पाणी पिताना टायफॉइड आणि कावीळ यांना दार उघडे राहते. मुलींचे तर आधीच रक्त कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात उपास घडले तर काम काय होणार?

मेसचे रोजचे १५० रुपये धरले तर महिन्याचे ४,५०० होतात. फ्लेक्स, शाली, हार आणि साउंडवाल्याची पावती एकत्र करून पाहा. पैसा वस्तीत आहे, फक्त तो मंचावर संपतो.

यावर काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "बाबासाहेबांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला, आजच्या पोरांना काय झाले?" आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनी जे सोसले ते आपल्या लेकरांना सोसावे लागू नये, यासाठीच सोसले. १९१७ साली अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. पदवी होती, पद होते, पण त्या शहरात डोके टेकायला जागा नव्हती. पारशी सराईत दुसऱ्या नावाने उतरावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शेवटी नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. त्यांची विद्या कुठे कमी पडली नाही. कमी पडली ती एक खोली आणि पाठीशी उभी राहणारी चार माणसे. ती माणसे आज आपण होऊ शकतो.

म्हणून पैशाबरोबर खोलीचीही सोय बघा. आडनाव विचारून, 'व्हेज की नॉनव्हेज' विचारून खोली नाकारणारे आजही आहेत. निवडीचे पत्र आले की त्याच आठवड्यात संस्थेकडे वसतिगृहाची मागणी लेखी करायला सांगा. ते जमले नाही तर त्या शहरात रेल्वेत, बँकेत, कारखान्यात बदली होऊन गेलेले आपले लोक शोधा, तिथल्या विहारात फोन लावा. घरमालकाच्या अटीमुळे अंडी-मासळी बंद झाली तर भाजलेले चणे, शेंगदाण्याची चटणी, मोड आलेले मूग, सोयाबीन यांनी ताकद टिकते. चणे आणि चटणी तर घरूनच डब्यात बांधून देता येते.

आता एक नाजूक गोष्ट. विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे आणि लग्न मोडेल या भीतीने तो लपवला जातो. गावात लपवले तर निदान आईला माहीत असते. परगावी कोणालाच माहीत नसते. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला पाणी कमी पडले, एसीच्या थंड खोलीत तासन्‌तास बसावे लागले, फार दमणूक झाली तर असह्य वेदना उठू शकतात. अशा मुलाला घरी बसवू नका. त्याच्याजवळ तपासणीचे कार्ड द्या, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या चालू असलेल्या गोळ्या पूर्ण दोन महिन्यांच्या द्या, पाण्याची बाटली आणि स्वेटर द्या. बरोबर राहणाऱ्या एका मित्राला आजाराची कल्पना असू द्या. या मुलांना ताप आला, छातीत दुखले किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचे नाही.

बाकीच्यांनीही काही गोष्टी गाठीला बांधाव्यात. जुलाब झाले तर ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे. पाकीट नसेल तर त्याच पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पावसाळ्याच्या तोंडावर ताप आला तर पॅरासिटॅमॉलशिवाय दुसरी अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये, कारण डेंग्यू असेल तर काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आयुष्मान कार्ड असेल तर बरोबर ठेवावे. परराज्यातही योजनेत असलेल्या रुग्णालयात भरती होताना ते चालते. नुसत्या तपासणीला आणि गोळ्यांना मात्र ते चालत नाही, त्यासाठी सरकारी दवाखाना गाठावा. बंगळूरला जाणाऱ्याने दोन शब्द शिकून जावे: 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'आस्पत्रे' म्हणजे दवाखाना. तापाला तिथे 'ज्वर'च म्हणतात.

मनाचेही तसेच आहे. नवे गाव, वेगळी भाषा, सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे, त्यात कोणी आरक्षणावरून टोमणा मारला तर पोरगी आतून मिटते. झोप उडते, जेवण जात नाही. घरी फोनवर मात्र "बरं आहे" एवढेच सांगते, कारण आपण तिला "हिंमत हरू नको, समाजाचं नाव काढ" एवढेच म्हणत असतो. आई-वडिलांनो, फोनवर आधी कामाचे विचारू नका. "आज काय जेवलीस, झोप लागली का?" हे विचारा. रडली तर रडू द्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्याजवळ असू द्या. तिथे रात्रीबेरात्रीही, मराठीतूनही बोलता येते. छळ झाला तर तक्रार करण्याची जागाही तिला ठाऊक हवी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिकाऊ मुलीही येतात.

यंदाच्या जयंतीच्या बैठकीत एवढा एक ठराव करा. हिशेब महिला मंडळाकडे द्या, पैसे मूल गाडीत बसण्याआधी त्याच्या खात्यात टाका. हे कर्ज नाही, परतफेड मागू नका. परत आल्यावर त्याने विहारात बसून धाकट्या मुलांना पुढच्या वर्षीचा अर्ज भरायला शिकवावे. अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास एक रविवार त्यासाठी राखून ठेवा.