६० हवेत, ७० पुरे



आता खेड्यातली पोरंही अमेरिकेला शिकायला निघतात. कॅलिफोर्नियात एक स्वस्त वाट आहे. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची, मग नावाजलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. शेतीशिक्षणासाठी प्रसिद्ध असलेलं डेव्हिस त्याच विद्यापीठाचं.

पण तिथं हिशेब क्रेडिटांचा. सहामाहीच्या मापानं ६० तरी हवेत, तेव्हा तिसऱ्या वर्षाचं दार उघडतं. पदवीत मात्र धरतात फार तर ७०. कणगी भरली की वरून ओतलेलं धान्य सांडायचंच! पोरानं ९० मिळवले तरी मोजणार ७०. डेव्हिसला तिमाहीचं माप चालतं, तिथं याच ७० चे १०५ होतात. आकडा पाहून हुरळू नका.

जादा शिकलेलं अगदीच पाण्यात जात नाही. पदवीला लागणारा विषय झाला असेल तर तो झाला असंच धरतात, पुन्हा करावा लागत नाही. पण कॉलेजची फी दर क्रेडिटमागं, आणि परदेशी पोराला ती तिथल्या पोरापेक्षा कितीतरी पट. तेव्हा उसाचं बिल तिकडं धाडण्याआधी पोराला विचारा, "हा विषय पदवीला लागतो, की नुसताच घेतलास?" त्याला सांगता येईना, तर आधी कॉलेजातल्या सल्लागाराकडं पाठवा.