दाढेत काय भरलं, ते लिहून द्या

पुण्यात वारज्याच्या उड्डाणपुलापासून गणपती माथ्याकडे चालत निघालं, की दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या एकामागून एक दिसत राहतात. किडलेल्या दाढेत चांदी भरून घेणारे आता थोडेच उरलेत. सगळ्यांना दाताच्या रंगाचं, निळा लाइट मारून कडक केलेलं फिलिंग हवं असतं. दवाखान्यात त्याला कॉम्पोझिट म्हणतात, घरी आपण 'पांढरं सिमेंट' म्हणून मोकळे होतो. माल उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे फिलिंग दोन वर्षं टिकणार की दहा, हे ट्यूबवरच्या नावापेक्षा तो माल कसा हाताळला यावर जास्त ठरतं. आणि ती हाताळणी खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून माझी मागणी दोन भागांची आहे. फिलिंग करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने काय भरलं आणि कसं भरलं याची चिठ्ठी पेशंटच्या हातात द्यावी. आणि ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांना हेच काम याच दर्जाचं महापालिकेच्या दवाखान्यात मिळावं.

मुद्दा १. चांदी जाणार हे ठरलं आहे.

दातातली चांदी, म्हणजे ॲमलगम, वजनाने जवळपास निम्मा पारा असते. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या दातांत ॲमलगम भरू नये, अशी पावलं उचलायचं २०२२ साली सदस्य देशांनी मान्य केलं. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ थांबवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत तो जगभर संपवायचं ठरलं.

निर्णय योग्यच आहे. पण चांदीत एक गुण होता: ती चुका पोटात घालायची. जरा लाळ लागली, डॉक्टरांना जरा घाई झाली, तरी ती वर्षानुवर्षं तग धरायची. तिच्या जागी येणारा माल तसा नाही. सरकारी पातळीवर फक्त जुना माल बंद करून नवा खरेदी केला, आणि नव्या मालाला लागणारी साधनं नि वेळ दिला नाही, तर गरिबाच्या तोंडातलं फिलिंग आजच्यापेक्षा लवकर पडेल.

मुद्दा २. हा माल काय आहे, हे पेशंटला कळायला हवं.

कॉम्पोझिटमध्ये मुख्य गोष्टी तीन. चिकट रेझिन, त्यात कालवलेली काचेची आणि सिलिकाची अतिबारीक पूड, आणि या दोघांना एकमेकांशी बांधणारं सिलेन नावाचं रसायन. पुडीचं प्रमाण वजनाने अनेकदा सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असतं. चावण्याचा दाब आणि झीज तीच सोसते. यातलं मुख्य रेझिन, बिस-जीएमए, अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी तयार केलं आणि १९६२ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी, १९५५ साली, मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या आवरणावर आम्ल लावून ते सूक्ष्म खरखरीत केलं, की त्यावर रेझिन घट्ट धरतं, हे दाखवून दिलं होतं. आजचं पांढरं फिलिंग या दोन शोधांवर उभं आहे. त्यातला ब्युनोकोर यांचा शोध दातावर करायच्या कामाचा आहे, मालाचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण जाहिरात नेहमी मालाचीच होते.

मुद्दा ३. पहिला शत्रू ओलावा.

कीड काढून झाली की सुमारे ३७ टक्के तीव्रतेचं फॉस्फोरिक आम्ल दातावर लावतात: वरच्या कठीण आवरणाला पंधरा ते तीस सेकंद, आतल्या डेंटिनला पंधराच्या आसपास. मग धुवायचं, पाणी टिपायचं, पण डेंटिन कोरडंठाक करायचं नाही. तसं केलं तर आतलं तंतूंचं जाळं मिटून जातं आणि बाँडिंग, म्हणजे माल दाताला चिकटवणारा द्रव, त्यात शिरत नाही. मग बाँडिंग चोळायचं, हवेच्या हलक्या झोताने त्यातला द्रव उडवायचा, लाइट मारायचा. या मधल्या काही मिनिटांत जीभ हलून लाळ लागली किंवा हिरडीतून रक्त आलं, तर ती जागा पुन्हा धुऊन तयार करावी लागते. तसं न करता वरून माल दाबला तरी फिलिंग त्या दिवशी सुंदरच दिसतं. काही महिन्यांनी कडेला तपकिरी रेघ उमटते आणि खाली पुन्हा कीड लागते.

यावरचा उपाय १८६४ सालापासून माहीत आहे. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी रबराच्या पातळ पडद्याने दात बाकीच्या तोंडापासून वेगळा केला. रबर डॅम म्हणतात तो हाच. तो लावायला काही मिनिटं जातात, पेशंटला सुरुवातीला कोंडल्यासारखं वाटतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी कापसाच्या वळ्या आणि सक्शनवर भागवतात. सोप्या जागी, मदतनीस तयारीचा असेल तर तेही चालतं. पण मागच्या दाढांच्या फटीतल्या किडीला मला वाटतं डॅमच हवा, आणि पेशंटने "रबर डॅम लावणार का?" हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. जिथे दात कोरडा राखणं शक्यच नाही, उदाहरणार्थ हिरडीच्या खाली गेलेली कीड किंवा रडणारं लहान मूल, तिथे ओलावा जास्त सोसणारं आणि फ्लोराइड सोडणारं ग्लास आयोनोमर भरणं हाच प्रामाणिक निर्णय. ते दिसायला कमी देखणं असतं, एवढंच.

मुद्दा ४. आकसणं.

लाइट मारल्यावर रेझिनचे रेणू जोडले जातात आणि माल आकसतो. साधारण दीड ते साडेतीन टक्के, आकारमानाने. आकडा लहान वाटतो, पण दाताच्या भिंतीला चिकटलेला माल आकसला की एक तर भिंत आत ओढली जाते, नाही तर कडेला फट पडते. फिलिंगनंतर चावताना कळ येते, त्यामागचं एक कारण हे असतं. म्हणून नेहमीचा कॉम्पोझिट दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचा आणि प्रत्येक थर वेगळा कडक करायचा. वारज्यातल्या रामनगरच्या कुठल्याही गवंड्याला विचारा, जाड गिलावा एकाच थरात थापला तर भिंतीचं काय होतं. बल्क-फिल नावाचा प्रकार चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येतो, तो खास तसा बनवलेला असतो. साधा माल बल्क-फिलसारखा भरणं ही घाई झाली, आणि ती कुठलंही बिल दाखवत नाही.

मुद्दा ५. निळा लाइट, ज्याच्याकडे कुणी पाहत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे. मालातलं कॅम्फरक्विनोन निळा प्रकाश शोषतं (४६८ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त) आणि त्यातून घट्ट होण्याची क्रिया सुरू होते. प्रकाश कमी पडला, तर वरचा पापुद्रा दगडासारखा होतो आणि तळाचा माल अर्धाकच्चा राहतो. डॉक्टर वरून टोकदार हत्याराने तपासतात तेव्हा सगळं ठीक वाटतं. वरून तपासून तळाचं कळत नाही.

प्रकाश कमी का पडतो? बॅटरी जुनी होते. लाइटच्या टोकाला आधीच्या पेशंटचा माल चिकटून राहतो. टोक दाढेपासून काही मिलिमीटर लांब किंवा तिरकं धरलं जातं. लाइट धरणारा डोळे दिपतात म्हणून मान वळवतो आणि त्याचा हात सरकतो. त्यासाठी नारिंगी चष्मा असतो, तो पेशंटलाही द्यावा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅट देणारा लाइट वीस सेकंद लावला तर पुरेशी ऊर्जा मिळते. तोच लाइट उतरून ४०० वर आला, तर त्याच वीस सेकंदांत निम्म्याहून कमी. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, निळा तो निळाच दिसतो. मोजायला रेडिओमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. दर आठवड्याला एकदा मोजून वहीत आकडा लिहिणं, याला पाच मिनिटं लागतात. रिक्षाच्या मीटरची तपासणी आपण मागतो. तोंडात कायम राहणारी वस्तू ज्या यंत्राने पक्की होते, त्याची नोंद मागण्यात गैर काय?

मुद्दा ६. पुण्याचा उन्हाळा.

बऱ्याच कॉम्पोझिटच्या खोक्यांवर २५ अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि अनेक बाँडिंगना फ्रिज लागतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. माल डीलरकडून दुचाकीच्या डिकीतून येतो, बंद दवाखान्यात रविवारभर पडून राहतो, दुरुस्तीच्या गुरुवारी वीज जाते आणि फ्रिज थांबतो. बाँडिंगमध्ये ॲसिटोन किंवा इथेनॉल असतं. बाटली उघडी राहिली की ते उडून जातं आणि उरलेला द्रव ते काम करत नाही. ट्यूबचं टोपण उघडं ठेवून खुर्चीवरचा दिवा तिच्यावर पडला तर माल ट्यूबमध्येच घट्ट होऊ लागतो. फ्रिजमधून काढून लगेच वापरला तर दाटपणामुळे नीट बसत नाही. या सगळ्याला मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त, आणि मुदत संपलेली ट्यूब टाकून द्यायची तयारी.

मुद्दा ७. विचारणारं कुणी नाही.

वैद्यकीय उपकरणं नियम २०१७ नुसार अशा साहित्याच्या वेष्टनावर बॅच क्रमांक, मुदत आणि परवाना क्रमांक असावा लागतो. म्हणजे चिठ्ठीवर लिहायची माहिती खोक्यावर आधीच आहे. पण ती पेशंटपर्यंत पोचवण्याची सक्ती कोण करणार? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याने २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक आणलं, पण खाट नसलेला, दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना त्या चौकटीत बसत नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे खरं. पण हातात कागदच नसेल तर तक्रार करणार कशाच्या जोरावर?

यात डॉक्टरांची बाजू मला कळते. गाळ्याचं भाडं, खुर्चीचे हप्ते, आणि "समोरचा निम्म्यात भरून देतो" म्हणणारे आपणच. रबर डॅम लावून, थर देऊन, पाऊण तास घालवणाऱ्या डॉक्टरांचं काम आणि दहा मिनिटांत उरकलेलं काम आपल्याला सारखंच दिसतं, म्हणून आपण स्वस्त ते निवडतो. चिठ्ठीचा पहिला फायदा चांगलं काम करणाऱ्या डॉक्टरांनाच होईल.

मुद्दा ८. महापालिकेने काय करावं.

जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत २०२१ साली ग्लास आयोनोमर घातलं आणि २०२३ साली रेझिन कॉम्पोझिटही. तेव्हा पांढरं फिलिंग ही चैन आहे, हे उत्तर यापुढे चालणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांचे दात तपासतात, कीड सापडते, कार्डावर लिहिली जाते. पुढे? शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरकडे. पुण्यात वडगावचं किंवा कात्रजचं खासगी महाविद्यालय गाठायचं म्हटलं, तर धुणीभांडी करणाऱ्या बाईचे दिवसाचे पैसे बुडतात, आणि फिलिंगला कधी कधी दोन खेपा लागतात.

वारजे माळवाडीचा बारटक्के दवाखाना लोकांच्या पायाखालचा आहे. तिथे दातांच्या कामासाठी एवढं असावं: चालू सक्शन, रबर डॅम, मोजणीची वही असलेला क्युअरिंग लाइट, इन्व्हर्टरवरचा छोटा फ्रिज, आणि कॉम्पोझिटबरोबर ग्लास आयोनोमरचाही साठा. खरेदीच्या निविदेत फक्त ट्यूबची किंमत न पाहता पोचताना उरलेली मुदत आणि वाहतुकीतलं तापमान या अटी घालाव्यात. आणि डॉक्टरांना दिवसाला किती पेशंट पाहिले याचं उद्दिष्ट देऊ नये. दर पेशंटला दहा मिनिटं मिळणार असतील, तर तिथे कॉम्पोझिट भरूच नये.

मुद्दा ९. चिठ्ठीवर काय असावं.

तारीख. दाताचा क्रमांक (खालची उजवी पहिली मोठी दाढ म्हणजे ४६) आणि कुठल्या बाजू भरल्या. मालाचं आणि बाँडिंगचं नाव, बॅच क्रमांक, मुदत. रबर डॅम लावला की नाही. लाइटची शेवटची मोजणी कधी केली आणि आकडा किती आला. कीड नसेजवळ गेली होती का, म्हणजे पुढे दुखलं तर डॉक्टरांनाही आणि पेशंटलाही कारण ठाऊक असेल. पुन्हा दाखवायला कधी यायचं. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांना त्याचा डाग आणि हिरडीवरचा परिणाम त्याच कागदावर लिहून द्यावा, तोंडी सांगितलेलं दारापर्यंत टिकत नाही.

हा अर्ध्या पानाचा नमुना आहे, मराठीत. कायद्याची वाट पाहायची गरज नाही. वारज्यातल्या दंतवैद्यांनी एकत्र बसून तो ठरवावा आणि येत्या महिन्यापासून वापरायला घ्यावा. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयाने तो छापून बारटक्के दवाखान्यात ठेवावा. आणि सोसायट्यांनी, मंडळांनी आरोग्य शिबिराला डॉक्टर बोलावताना हीच एक अट घालावी: तपासणीनंतर ज्याचा दात भराल, त्याच्या हातात हा कागद द्याल.