शेवटच्या कोसाचे स्वावलंबन

नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील गाव. येथूनच आर्वीचा रस्ता फुटतो. महामार्गावरून आलेला माल इथल्या परिसरातील दुकानापर्यंत आणि घरापर्यंत पोहोचतो तो लहान वाहनांतून. अंतर थोडे, थांबे अनेक, ओझे बेताचे. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला असे रखडत चालणे सर्वांत महाग पडते आणि धूरही वस्तीतच सोडला जातो. विजेच्या मोटारीला हेच काम मानवते. थांबलेल्या वेळी ती ऊर्जा खात नाही आणि ठरलेल्या फेऱ्या संपल्या की रात्री घरीच चार्ज होते.

कायद्याने ही वाट केव्हाच मोकळी केली आहे. मोटार वाहन कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने प्रवासी ई-रिक्षासोबत मालवाहू ई-कार्टलाही स्थान दिले. 2021 च्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणाने मोठ्या शहरांतील घरपोच मालवाहतुकीचा विचार केला. मात्र धोरणांची दृष्टी महानगरांपुरती थांबते, तर आर्वी-आष्टीसारखा परिसर त्यांच्या परिघाबाहेर राहतो.

येथे एक सावधगिरी हवी. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. ते परावलंबन सोडून बॅटरीच्या सेलसाठी चीनच्या दारात उभे राहणे म्हणजे केवळ धनी बदलणे होय. जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे लिथियमचे साठे असल्याचे 2023 साली जाहीर झाले. परंतु भूगर्भातील साठा म्हणजे हाती आलेला सेल नव्हे. खनन, शुद्धीकरण, निर्मिती आणि जुन्या बॅटरीतील धातूंचा पुनर्वापर ही सारी साखळी देशातच उभी राहिली पाहिजे. वीजही कोळशाचीच राहिली, तर गावातला धूर औष्णिक केंद्राच्या धुराड्यात जाईल, एवढेच. विदर्भाच्या कडक उन्हाला सौर पटलांवर काम देणे हाच यावरचा उपाय.

दुसरा प्रश्न मालकीचा. नागपुरात 2017 साली विद्युत टॅक्सींचा गाजावाजा झाला; पण चार्जिंगच्या रांगांत चालकांचे कमाईचे तास जाऊ लागले आणि त्यांचा उत्साह ओसरला. वाहन स्वच्छ झाले, पण वाहकाचा दिवस बुडाला, तर सुधारणा टिकत नाही.

भारतीय मजदूर संघाची 1955 साली स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी हे याच आर्वीचे सुपुत्र. उद्योगाचे श्रमिकीकरण व्हावे, राबणारा हा उद्योगाचा भागीदार व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. सामाजिक सुरक्षा संहितेने घरपोच सेवा देणाऱ्या श्रमिकांची दखल घेतली, हे योग्यच झाले. त्यापुढचे पाऊल म्हणजे गाडी त्यांच्या स्वतःच्या नावावर असणे. पतसंस्थांनी सुलभ हप्त्यांवर कर्ज द्यावे, ग्रामपंचायतींनी बाजाराजवळ सौर चार्जिंगसाठी जागा द्यावी, आयटीआयमधून दुरुस्तीचे कारागीर घडावेत. संत्र्याच्या हंगामात हीच वाहने बागेतून महामार्गापर्यंत फळही आणू शकतील.

पर्यावरणरक्षण ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेण्याची गोष्ट नव्हे. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हा येथल्या मातीचा संस्कार आहे. तोच न्याय श्रमिकालाही लागू केला, तर तळेगावच्या रस्त्यावरील एक लहान गाडी स्वदेशीचा मोठा धडा देऊन जाईल.