ठेवण्याचा हक्क, सोडण्याचा हक्क

मित्रहो,



दर वर्षी ऐन हिवाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास, न्यूझीलंडच्या पूर्व क्षितिजावर पहाटे एक लहानसा तारकापुंज पुन्हा दिसू लागतो. माओरी लोक त्याला मातारिकी म्हणतात. आपण लहानपणापासून ज्याला कृत्तिका म्हणत आलो, तोच हा पुंज. त्याच्या दर्शनाने माओरी नववर्ष सुरू होते. 2022 पासून या दिवशी देशभर सुटी असते. माओरी ज्ञानपरंपरेवर आधारलेली ही इथली पहिलीच राष्ट्रीय सुटी. पहाटेच्या सोहळ्यात वर्षभरात गेलेल्या माणसांची नावे घेतली जातात, करकिया म्हणजे प्रार्थना म्हटल्या जातात आणि शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण केली जाते.

आपल्यासारख्यांची अडचण इथे सुरू होते. आपल्यातले बरेच जण दाभोलकरांचे लेखन वाचत, सत्यशोधकी विचार ऐकत वाढले. घरातल्या सत्यनारायणाला नकार देऊन नातेवाइकांचा रोष ओढवून घेतला. आता ताऱ्यांना नैवेद्य दाखवणाऱ्या सोहळ्यात आपण कौतुकाने उभे राहायचे? आपल्या कर्मकांडाला विरोध आणि दुसऱ्यांच्या कर्मकांडाला टाळ्या, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे. 'त्यांची संस्कृती आहे, आपण आदर राखावा' असे म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. आदराच्या नावाखाली विचार करणे थांबवले, तर त्या आदराला फारशी किंमत राहत नाही. म्हणून थोडा इतिहास पाहू.

न्यूझीलंडच्या संसदेने 1907 मध्ये 'तोहुंगा सप्रेशन अ‍ॅक्ट' मंजूर केला. तोहुंगा म्हणजे जाणकार. कुणी ताऱ्यांचा, कुणी लाकडी कोरीवकामाचा, कुणी औषधी वनस्पतींचा, कुणी प्रार्थनांचा. लोकांच्या अंधश्रद्धेचा फायदा घेऊन त्यांना भोवती जमवणे, अलौकिक शक्तीने रोग बरा करण्याचा वा भविष्य सांगण्याचा दावा करणे हा या कायद्याने गुन्हा ठरला. वाचताना आपल्याला त्यात खटकण्यासारखे काही वाटणारही नाही. शिवाय हे विधेयक मांडणारे मंत्री जेम्स कॅरोल स्वतः माओरी वंशाचे होते. माओरी वस्त्यांमध्ये आरोग्यासाठी झटणारे डॉक्टर मावी पोमारे यांचाही त्याला पाठिंबा होता. त्यांची कळकळ खोटी नव्हती. 1896 च्या जनगणनेत माओरी लोकसंख्या सुमारे 42 हजारांवर आली होती. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसे मरत होती आणि तापाने फणफणलेल्या रोग्याला थंड पाण्यात बुडवण्यासारखे उपचार काही ठिकाणी चालत होते.

तरीही हा कायदा रोगाच्या मुळाशी गेला नाही. जमिनी गेल्या होत्या, घरे ओलसर होती, डॉक्टर जवळपास नव्हते. दंड आणि तुरुंगवास मात्र तोहुंगाच्या वाट्याला आला. कायद्याचा रोख प्रामुख्याने रुआ केनाना या धर्मप्रमुखावर होता असे मानले जाते. आपल्या लोकांची जमीन आपल्याच हाती राहावी यासाठी त्याने मौंगापोहातू इथे स्वतंत्र वसाहत उभारली होती. 1916 मध्ये वेगळ्याच आरोपांखाली त्याला पकडायला सशस्त्र पोलीस तिथे गेले आणि त्याच्या मुलासह दोन माणसे मारली गेली. त्याला अधिकृत माफी देणारा कायदा व्हायला 2019 साल उजाडावे लागले.

1907 च्या कायद्याखाली प्रत्यक्ष शिक्षा फार थोड्या झाल्या, पण 1962 पर्यंत तो पुस्तकात राहिला. त्याची धास्ती आणि शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना बसणारा मार, या दोहोंनी ज्ञान घराघरांत दडून बसले. आज मातारिकीविषयी देशाला शिकवणारे खगोल-अभ्यासक रांगी मातामुआ यांना आधार मिळाला तो पूर्वजांनी लिहून घरातच जपलेल्या 400 पानी हस्तलिखिताचा. त्याचे लेखन 1898 मध्ये सुरू झाले होते. त्यात शेकडो ताऱ्यांची नावे आहेत. अंधश्रद्धेवरच्या घावात खगोलशास्त्रही असे घायाळ झाले. वाद्यांचीही तीच गत. पुतोरिनोसारखी माओरी सुषिर वाद्ये संग्रहालयांच्या कपाटांत मुकी पडली होती. हिरिनी मेलबर्न आणि रिचर्ड नन्स यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गावोगावी जाऊन, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून त्यांत पुन्हा फुंकर घातली.

सुधारणेच्या नावाखाली लोकांचा धर्म आणि संगीत चिरडण्याचा असा प्रयोग कॅरिबियन समुद्रातल्या हैतीमध्येही दीर्घकाळ चालला. म्हणून तिकडे नजर टाकायला हवी.

हैतीचा धर्म व्होडू. हॉलिवूडने त्याचे 'वूडू' करून बाहुल्यांना सुया टोचणारा भयपट बनवला. प्रत्यक्षात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपापल्या देवता, पूर्वज आणि मालकांनी लादलेले कॅथलिक संत यांतून उभारलेला हा धर्म आहे. त्यात ढोलाला फार मोठे स्थान आहे. देवतांच्या निरनिराळ्या गणांसाठी निरनिराळे ताल आहेत. भाषा, कुळे, नावे सगळे हिरावून घेतलेल्या माणसांना एकत्र बांधणारी जागा त्यांना या ढोलाभोवती सापडली. ऑगस्ट 1791 मध्ये ब्वा कायमान इथे झालेल्या व्होडू विधीतून उठावाची ठिणगी पडली असे हैतीची लोकस्मृती सांगते. 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभारल्याचे इतिहासातले हे एकमेव यशस्वी उदाहरण. आजही त्या दिवशी घरोघरी भोपळ्याचे सूप करतात. गुलामीत हे सूप रांधायचे गुलामांनी आणि प्यायचे मालकांनी, म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी सर्वांनी मिळून प्यायचे. 2021 मध्ये युनेस्कोने हे 'सूप जुमू' मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदवले.

पण ज्या ढोलाने बंडखोर एकत्र आले असे अभिमानाने सांगितले जाते, त्याच ढोलाला स्वतंत्र हैतीच्या शिकलेल्या राज्यकर्त्यांनी गुन्हेगार ठरवले. युरोपसमोर आपण 'सुसंस्कृत' दिसावे, ही त्यांची धडपड होती. 1835 च्या दंडसंहितेने जादूटोण्याच्या नावाखाली लोकांच्या विधींवर बंदी घातली. 1915 ते 1934 या काळात देश ताब्यात ठेवणाऱ्या अमेरिकी सैन्याने हीच कलमे वापरून देवळे उद्ध्वस्त केली. 1941-42 मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर 'अंधश्रद्धाविरोधी मोहीम' काढली. ढोल जाळले, पवित्र झाडे तोडली, लोकांकडून व्होडू सोडल्याच्या शपथा घेतल्या.

त्या वेळी याविरुद्ध उभा राहिला तो कुणी धर्मगुरू नव्हता. हैतीच्या कम्युनिस्ट पक्षाचा संस्थापक, कादंबरीकार झाक रूमें याने या मोहिमेविरुद्ध लेखणी उचलली. तो काही व्होडूचा भक्त नव्हता. त्याचे म्हणणे असे की, शेतकऱ्याला पाणी, शाळा, दवाखाना काहीच द्यायचे नाही आणि त्याच्या देवांवर मात्र चाल करून जायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत. मोहीम काढायचीच असेल, तर ती दैन्याविरुद्ध काढा. आपल्या परंपरेतल्या पुरोगाम्यांनी हा माणूस जरूर वाचावा.

पुढचा इतिहासही सरळ नाही. हुकूमशहा दुव्हालिए याने याच व्होडूचा दरारा स्वतःच्या दहशतीसाठी वापरला. त्याच्या मुलाची राजवट 1986 मध्ये कोसळल्यावर सूडाच्या लाटेत व्होडू पुजारी मारले गेले. 1987 च्या राज्यघटनेने जुनी बंदी उठवली आणि क्रेओल भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. योगायोग पाहा, न्यूझीलंडमध्ये माओरी भाषा अधिकृत झाली तीही 1987 मध्येच. 2003 मध्ये हैतीत व्होडूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली. तरीही 2010 च्या भूकंपानंतर कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ती पुजाऱ्यांनी पसरवली असे म्हणत जमावांनी चाळीसहून अधिक माणसांना ठार मारले. प्रत्यक्षात साथ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून पसरली होती. डिसेंबर 2024 मध्ये राजधानीतल्या एका टोळीप्रमुखाने, मुलाच्या आजाराला जादूटोणा कारणीभूत ठरवून, दोनशेहून अधिक माणसे मारली. त्यांत बहुतेक वृद्ध होते.

म्हणजे जादूटोण्याचा आरोप हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे आणि ती माणसे मारते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे वेगळेपण इथेच लक्षात येते. दाभोलकरांनी वर्षानुवर्षे ज्यासाठी झगडा दिला, तो कायदा त्यांच्या खुनानंतर आला. त्याने कुठल्या देवावर, पंथावर वा भगतावर सरसकट बंदी घातली नाही. अनुसूचीत ठरावीक कृत्ये नोंदवली: अमानुष मारहाण, नरबळी, साप चावल्यावर माणसाला दवाखान्यात नेण्यापासून रोखणे, कुणाला चेटूक करणारी ठरवून छळणे. वारी, कीर्तन, भजन यांना हात लावला नाही. 1907 चा कायदा माणूस कोण आहे ते पाहत होता. 2013 चा कायदा कुणाला इजा झाली ते पाहतो. आपला विवेकवाद दुसऱ्या जातीचा आहे आणि तो न्यूझीलंडमध्येही तसाच चालू शकतो.

आता आपल्या ढोलाकडे येऊ. महाराष्ट्रात हलगी मातंग आणि इतर दलित जातींच्या हाती होती. लग्नाच्या वरातीत, कुस्तीच्या फडात, मयतीत तीच वाजे. तिच्या तालावर गाव नाचे, वाजवणारा मात्र गावकुसाबाहेर राही. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याचे आणि स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले. जातीने लादलेली गावकीची कामे अनेकांनी टाकली. 1956 च्या धर्मांतराने देव्हारेही मागे पडले. बाहेरून पाहणाऱ्याला हे 'वारसा सोडणे' वाटेल, पण ज्याच्या खांद्यावर वारसा जोखड म्हणून लादला होता, त्याने ते जोखड फेकले होते. त्याच समाजांनी पुढे कला स्वतःच्या अटींवर परत घेतली. आंबेडकरी जलसे उभे राहिले, वामनदादा कर्डक गावोगावी गायले. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले आणि गणातले गणपतीचे वंदन बदलून तिथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना आणले. आज मोर्च्यात हलगी कडाडते, तेव्हा ती कुणाची चाकरी करत नसते.

आपला दुटप्पीपणाचा प्रश्न इथे सुटतो. परंपरा ठेवायची की सोडायची, हे ठरवण्याचा हक्क तिची किंमत मोजलेल्यांचा आहे. हैतीच्या शेतकऱ्याला ढोल जवळ हवा होता, तो सत्तेने जाळला. महाराष्ट्रातल्या दलिताला गावकीची हलगी टाकायची होती, ती सत्तेने त्याच्या गळ्यात अडकवली. दोन्हीकडे पुरोगाम्यांची जागा त्या माणसाशेजारी आहे. घरचा सत्यनारायण मात्र कधी कुणी कायद्याने बंद केला नव्हता. तिथे किंमत मोजावी लागते ती नकार देणाऱ्याला. म्हणून सत्यनारायणाला नकार आणि मातारिकीला हजेरी, यांत विसंगती नाही. ताऱ्यांना देव मानण्याची सक्ती आपल्यावर कुणी करत नाही. आणि उद्या प्रार्थनेपायी एखाद्या मुलाचे औषध थांबवले गेले, तर त्याविरुद्ध आपण आजच्याइतक्याच मोकळेपणाने बोलू, मग ते माओरी घर असो वा मराठी.

पण केवळ हजेरी लावून भागणार नाही. रग्बीच्या मैदानावर हाका सुरू झाला की सारा देश उभा राहून दाद देतो. तोच हाका 14 नोव्हेंबर 2024 रोजी, वैतांगी कराराच्या तत्त्वांचा अर्थ बदलू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध संसदेत झाला, तेव्हा 2025 मध्ये तीन माओरी खासदारांना निलंबित करण्यात आले. त्या विधेयकाविरुद्ध हजारो माणसे चालत वेलिंग्टनला आली. एप्रिल 2025 मध्ये ते मोठ्या बहुमताने फेटाळले गेले, पण करारावरचा वाद मिटलेला नाही. नाचाला टाळ्या आणि हक्कांना टाळे, हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. आपण तो महाराष्ट्रात पाहून आलो आहोत. न्यूझीलंडमध्ये त्याचे मूक प्रेक्षक होऊ नये.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यंदा मातारिकीला मुलांना घेऊन पहाटे जरूर जा. हीच आपली कृत्तिका, हे त्यांना सांगा आणि 1907 च्या कायद्याचीही गोष्ट सांगा. आणि आपल्या गणेशोत्सवात, दिवाळीत 'मराठी संस्कृती' म्हणून लावणी, गोंधळ, हलगी रंगमंचावर येईल, तेव्हा ती कुणी जपली, कुणी हिणवली आणि कुणी नाइलाजाने वाजवली, हे निवेदकाने दोन वाक्यांत तरी सांगावे. आपल्यात त्या समाजांतून आलेली कुटुंबे आहेत. त्यांना काय साजरे करायचे आहे आणि काय नाही, हे कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी त्यांना विचारावे.

आपल्या प्रतिक्रिया, विशेषतः मतभेद असतील तर ते, मोकळेपणाने कळवा.

आपले,
संपादक मंडळ